निळ्या भिंतीपुढचा फोटो

करंजखोपच्या बौद्धवाडीत फोटो काढायचा म्हटलं की माणूस तोंड धुतो, केसांना तेल लावतो आणि मोतीबाईच्या भिंतीपुढे जाऊन उभा राहतो. कोणी ठराव केलेला नाही, पण पद्धत पडून गेली आहे. सहा वर्षांपूर्वी, चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी, मोतीबाईने नव्या विटांच्या घराला रस्त्याच्या अंगाने गर्द निळा रंग दिला. स्वतः शिडीवर चढून, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, खालून नवरा "उतर, उतर" म्हणून ओरडत असताना. तेव्हापासून पोरींचे स्थळांना पाठवायचे फोटो, पोरांचे शाळेचे फोटो, म्हाताऱ्यांचे पेन्शनचे फोटो, सगळे त्या भिंतीपुढचे. कर्जतच्या झेरॉक्सवाल्याला फोटोत निळं दिसलं की माणूस कुठला हे विचारावं लागत नाही.

त्यामुळे जानेवारीत घरकुलाच्या पाहणीला तालुक्याहून माणूस आला आणि मोबाइल पुढे धरून "मावशी, घरापुढे उभ्या राहा, फोटो घ्यायचाय" म्हणाला, तेव्हा शेजारच्या विठाबाईने दुसरं काय करायचं होतं? तिने त्याला पाच मिनिटं थांबवलं. पेटीतली चांगली साडी नेसली, भांग पाडला, आणि दहा पावलं चालत जाऊन मोतीबाईच्या भिंतीपुढे ताठ उभी राहिली. मोतीबाईने तर घरातून येऊन तिचा पदर सारखा करून दिला. "हास की जरा, सरकारी फोटो हाय म्हणून काय झालं," असंही म्हणाली.

त्या माणसाला संध्याकाळपर्यंत अजून तीस घरं उरकायची होती. त्याने विटांची भिंत बघितली, वरचा स्लॅब बघितला, मोबाइलवर चार ठिकाणी बोट टेकवलं आणि मोटरसायकलला किक मारली. चहालासुद्धा थांबला नाही, याचंच विठाबाईला वाईट वाटलं. आपल्या हातून काही चुकलं, असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. चांगला फोटो निघाला, काम झालं.

खरं घर मागे होतं. कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, वर जुने पत्रे. नाल्याकडची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी बाहेर झुकली, तेव्हा नरेशने, म्हणजे विठाबाईच्या मुलाने, बाहेरून दोन बांबूंचा टेकू दिला होता. नरेश कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकघरात कामाला होता आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्याची बायको दिवाळीत बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली. तीन महिने झाले, चार झाले, पण सून काही परतेना. तिचा राग नव्हता, भांडण नव्हतं. रोज फोनवर बोलायची, बाळाचं हुंकारणं ऐकवायची. पण तिच्या आईने साफ सांगितलं होतं की टेकूवरच्या घरात मी लेकरू पाठवणार नाही, पक्की भिंत उभी करा आणि घेऊन जा. विठाबाईला राग यायला हवा होता, पण येईना. रात्री वारा सुटला की तीच उठून त्या बांबूंना हात लावून बघायची. मग विहिणीला दोष कोणत्या तोंडाने देणार?

नातीला तिने एकदाच बघितलं होतं. बोटभर नाक, आणि कपाळ थेट तिच्या आजोबांचं. त्या नातीला घरी आणायचं, एवढं एकच विठाबाईच्या डोक्यात होतं.

नरेशने सगळं विचारून ठेवलं होतं. घरकुलाचं अनुदान मिळतं, पण तेवढ्यात आजकाल घर पुरं होत नाही. ज्याचं नाव पात्र यादीत, त्याला बँक वरची रक्कम सवलतीच्या व्याजाने कर्जाऊ देते, सरकार पाठीशी असतं. अनुदान आणि कर्ज मिळून खोली, स्वयंपाकघर, संडास, सगळं होतं. हप्ता नरेशच्या पगारातून जाईल. एप्रिलमध्ये विठाबाई पिशवीत कागद भरून कर्जतला बँकेत गेली. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, जागेचा उतारा. पंधरा वर्षांत गोळा केलेले सगळे कागद तिने टेबलावर ओळीने मांडले, जणू मांडवात आहेर मांडावा तसे.

बँकेतल्या बाईने एकेक कागद बघितला. "कागद फार नीट ठेवलेत हो," म्हणाली. मग तिने संगणकात डोकं घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही.

"मावशी, तुम्ही अपात्र आहात. तुमचं पक्कं घर आहे असं लिहिलंय."

"माझं? पक्कं?" विठाबाईला हसूच आलं. "बाई, नीट बघा. दुसरी कोणी विठाबाई असंल."

बाईने स्क्रीन तिच्याकडे वळवला. त्यात विठाबाईच होती. भांग पाडलेली, पदर सारखा केलेली, मोतीबाईच्या सांगण्यावरून थोडी हसणारी. मागे गर्द निळी भिंत.

परतीच्या टेंपोत विठाबाई कागदांची पिशवी मांडीवर धरून बसली. शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं गं, तर म्हणाली, "काय नाय. फोटो चांगला आलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्रामपंचायतीत जाऊन बसली. मेघा मॅडम दहाला आल्या. हुद्द्याचं नाव सरकारने बदललं, तरी गाव त्यांना अजून ग्रामसेविकाच म्हणायचं. वय तीसच्या आसपास, खालापूरकडच्या, आवाज बारीक पण काम पक्कं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आधी कपाळाला हात लावला, मग स्वतःला आवरता न येऊन हसल्या, आणि मग हसल्याबद्दल माफीही मागितली.

"आजी, अहो, दुसऱ्याच्या घरापुढे कशाला उभ्या राहिलात?"

"फोटो काढायचा म्हनला ना तो. मग फोटोच्या जागी उभी राह्यले."

"बरं. अजून वेळ गेलेली नाही. एक मेच्या ग्रामसभेत हरकती ऐकतात. तुम्ही तिथं सांगायचं की हे घर माझं नाही. पण नुसतं तुमचं सांगणं पुरत नाही. ज्याचं घर आहे त्याने उभं राहून म्हणायला हवं, की होय, हे माझं. मी तसं इतिवृत्तात लिहिते, फेरपाहणी लावते आणि स्वतः येते. सोपं आहे."

विठाबाईने मॅडमच्या डोक्यावरून हात उतरवून बोटं मोडली. अशी पोर सरकारात आहे म्हणून सरकार चालतं, असं तिचं मत त्याच क्षणी झालं आणि ते तिने पुढे कधी बदललं नाही. मोतीबाई काय, आत्ता म्हटलं तर आत्ता येऊन सांगेल. ती हलक्या पायांनी बाहेर पडली.

बाहेर फळ्यावर पात्र यादी लावली होती. विठाबाई चौथीपर्यंत शिकलेली. आपलं नाव नाही हे ठाऊक असूनही माणूस यादी वाचतोच. सातव्या क्रमांकावर नाव होतं रामभाऊचं, मोतीबाईच्या नवऱ्याचं.

ती तिथेच उभी राहिली. रामभाऊचं नाव जुन्या यादीतलं होतं. नोंद झाली तेव्हा त्यांचंही घर कुडाचंच होतं. पुढे त्यांचा मुलगा योगेंद्र रसायनीच्या कंपनीत कायम झाला आणि त्याने विटांचं घर उठवलं. पण सरकारी कागद काही माणसाबरोबर पुढे चालत नाही. कागदावर रामभाऊ अजून कुडातच राहत होता, आणि इतक्या वर्षांनी त्याचा नंबर लागला होता. त्याने भर सभेत उठून निळ्या भिंतीचं घर आमचं म्हटलं, की त्याचं नाव तिथेच गळणार. विठाबाईचा मार्ग मोतीबाईच्या घरावरून जात होता.

आणि मोतीबाईला ते घर का हवं होतं, हे विठाबाईइतकं कोणाला माहीत होतं? योगेंद्रची बायको वाईट नव्हती, पण तिच्या स्वयंपाकघरात डब्यांना नावाच्या चिठ्ठ्या होत्या. मोतीबाईने मिठाचा डबा दुसऱ्या फळीवर ठेवला की संध्याकाळी तो गुपचूप पहिल्या फळीवर परत गेलेला असायचा. ज्या घराला स्वतः रंग दिला त्या घरात मोतीबाई पाहुणीसारखी वावरायची. मागच्या परसात एक खोली, एक चूल, आपण दोघं म्हातारी, हे तिचं गेल्या दोन वर्षांचं गाणं होतं.

त्या दुपारी विठाबाई तिच्याकडे गेली. सांगायलाच गेली होती. पण मोतीबाई परसात चिंचा सोलत बसली होती, आणि विठाबाईला बघताच बोटाने जमिनीवर रेघ ओढून म्हणाली, "ये गं. ह्ये बघ, चूल हितं. म्हंजे धूर नाल्याकडं जाईल. मीठ कुठं ठेवायचं ते माझं मी ठरवीन."

"हां," विठाबाई म्हणाली. "हितं बरी हाय."

आणि चिंचा सोलून घरी आली. बँकेतलं तिने वाडीत कोणालाच सांगितलं नाही. नरेशलाही एवढंच सांगितलं, की काम सभेत होईल.

न सांगण्याला कारण होतं. लॉकडाऊनमध्ये विठाबाईचा नवरा गेला तेव्हा माणसं माणसाला घाबरत होती. सख्खे भाऊबंद लांबून हात जोडून गेले. जेवणाचे डबे उंबऱ्याबाहेर ठेवले जात. मोतीबाई मात्र उंबऱ्यावर थांबली नाही. आत आली, भिंतीला टेकून विठाबाईजवळ बसली, आणि "मेले तर दोघी मरू" म्हणून रात्रभर बसून राहिली. असल्या उपकाराची फेड होत नाही. विठाबाईलाही फेड करायची नव्हतीच. फक्त तिच्या तोंडचं काढून घ्यायचं नव्हतं. पण डोळे मिटले की नातीचं कपाळ दिसायचं, आणि मग तिला स्वतःचा, त्या फोटोचा, त्या हसण्याचा असा राग यायचा की कूस बदलवेना.

एक मे उजाडला. शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. झेंडा झाला, लाडू वाटले, पाण्याच्या टाकीवरून नेहमीचं भांडण झालं. मग मेघा मॅडम उठल्या. त्यांनी विठाबाईचा फोटो मोठा छापून आणला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी उंच धरला.

"विठाबाई, हरकत तुमची आहे. सभेला सांगा, हे घर कोणाचं?"

वाडीतल्या शेंबड्या पोरालाही उत्तर ठाऊक होतं. पण कोणी हूं की चूं केलं नाही, कारण बाहेर लागलेली यादीही सगळ्यांनी वाचली होती. रामभाऊ आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. बायकांच्या बाजूला मोतीबाई फोटोकडे बघत होती, मग विठाबाईकडे, मग परत फोटोकडे. काय भानगड आहे हे तिला त्याच क्षणी कळत होतं, आणि ते तिच्या तोंडावर उमटताना विठाबाईने पाहिलं.

विठाबाई उठली. "माझंच हाय."

"काय?" मॅडमचा हात खाली आला. "आजी, अहो, त्या दिवशी तर तुम्ही—"

"त्या दिवशी चुकून बोलले. घर माझंच हाय. लिवा तसं, नि फुडचं घ्या."

एवढं बोलून ती खाली बसली. आतून जरा हलकं वाटलं. झालं एकदाचं. नातीला भेटायला आपणच जाऊ, टेंपोला काय लागतात पैसे.

मॅडमनी लिहायला पेन टेकवलं नव्हतं, तोच बायकांतून खणखणीत आवाज आला.

"तुझं कुठनं आलं गं?" मोतीबाई उभी होती. पदर खोचलेला, भांडायला निघाल्यासारखी. "रंग काय तू दिलास? शिडीवर तू चडलीस? मॅडम, नका लिवू तिचं. झूट बोलते ती. ती भिंत माझी हाय. घर माझ्या योगेंद्रचं, आमी दोघं त्यातच राहतो. हिचं घर त्याच्या मागं, बांबू लावून उभं हाय. या नि बघा."

सरपंच खाकरले. "मोतीबाय, जरा इचार करून बोला. यादीत तुमचं नाव सातवं हाय."

"म्हायती हाय मला. माझ्यासाठीच ती झूट बोलते, ह्ये पन कळतं मला. लिवा, मॅडम."

सगळ्यांच्या माना रामभाऊकडे वळल्या. तो सावकाश उठला. आयुष्यात सभेत कधी न बोललेला माणूस. "ती बोलते ते खरं हाय," म्हणाला, थोडा थांबला, आणि कोणीतरी विचारेल म्हणून स्वतःच म्हणाला, "आमाला घर हाय."

मेघा मॅडमनी लिहिलं. सातव्या नावावर रेघ मारताना त्यांनी मान वर केली नाही, पण नाक ओढल्याचा आवाज पुढच्या रांगेला ऐकू गेला.

घरी येताना विठाबाई रडत होती आणि मोतीबाई तिला शिव्या घालत होती. "अक्कल गहाण टाकलीस का गं? आधी सांगाय काय झालं होतं?"

"कशी सांगू? तू चूल आखून बसलीस."

"मग? मी त्या चुलीवर भात रांधला असता नि तुझी नात तिकडं आजोळी वाढली असती? मला घास गिळला असता का?"

 विठाबाईने रस्त्यातच मोतीबाईचा हात धरला आणि वाडी येईपर्यंत सोडला नाही. दोघींना असं हात धरून चालताना कोणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे वाटेत भेटलेल्या दोघा-तिघांनी, कोण गेलं, म्हणून विचारलं.

मेघा मॅडम आठ दिवसांत स्वतः फेरपाहणीला आल्या. विठाबाईला टेकूपुढे उभं राहायची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, "आजी, लाजेचा कागद आहे हा, पण याच्यावरच घर मिळतं." विठाबाई उभी राहिली. पावसाळा त्या बांबूंनी कसाबसा काढला. गणपती झाले, दसरा झाला, आणि एके दिवशी मॅडमचा फोन आला की पुरवणी यादीत नाव आलं. विठाबाई त्याच पिशवीत तेच कागद घेऊन बँकेत गेली. त्याच बाईने सगळं पुन्हा तपासलं आणि सह्या कुठे करायच्या ते दाखवलं. कर्ज मंजूर झालं. विठाबाईने त्या बाईचे आभार मानले, मॅनेजरचे मानले, पाणी देणाऱ्या शिपायाचे मानले, आणि दार उघडणाऱ्या वॉचमनला तर एक लाडू दिला. ज्याने काहीच केलं नव्हतं त्याचंही देणं लागतो असं वाटण्याचा तो दिवस होता.

डिसेंबरात जुनं घर उतरवलं. गवंडी बुधाजी सकाळीच आला. जागा झाडून घेतली, त्रिसरण-पंचशील झालं, आणि बुधाजीने दोरी ताणून फक्कीने जमिनीवर घराच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. खोली, स्वयंपाकघर, संडास. नरेश सुटी काढून आला होता. फोनवर बायकोला रेघा दाखवत होता, आणि पलीकडून, भिंती उभ्या राहिल्या की तारीख सांगा, आम्ही निघतो, असं सून म्हणत होती. हे ऐकून विठाबाईने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"आजी, दार बाजूच्या वाटेकडं ठेवतो," बुधाजी म्हणाला. "सगळ्यांचं तसंच हाय."

"माझं नको. माझं ह्या अंगाला ठेव." विठाबाईने मोतीबाईच्या परसाकडे बोट केलं.

"तिकडं? अवो, तिकडनं कोण येनार? तिकडं तर त्यांचं मागलं दार."

"म्हनूनच."

मोतीबाई आपल्या परसात उभी राहून सगळं बघत होती. सकाळपासून चार वेळा बोलावूनही रेघेच्या आत आली नव्हती. खोली दुसऱ्याची, दृष्ट लागेल, असलं काहीतरी पुटपुटत होती. जिथे तिने चूल आखली होती तिथे आता तिच्या सुनेने वाल लावले होते.

विठाबाई तिच्यापाशी गेली. रात्रीपासून पाठ केलेलं बोलणं तिथे पोचेपर्यंत सगळं विसरली. म्हणून जे मनात होतं तेच बोलली. "मोते, ह्ये घर तुझं देनं हाय. माझी नात येते ती तुझ्यामुळं. मी जीव असेपर्यंत इसरनार नाय. दार तुझ्याकडं केलंय. सुनेवर रागावलीस की चपला घालायला पन थांबू नको, अशीच ये. मीठ तुला वाटंल तिथं ठेव. दोन दिस राहा, चार दिस राहा, तुला कोन इचारनार नाय."

 मोतीबाईने एकदा मागे आपल्या निळ्या घराकडे बघितलं. आत सून भांडी लावत होती, तिचा आवाज येत होता. मग मोतीबाईने चपला परसातच काढल्या, अनवाणी चालत आली, जिथे दार होणार होतं तिथूनच बरोबर रेघ ओलांडली, आणि स्वयंपाकघराच्या चौकोनात, उघड्या जमिनीवर, फतकल मारून बसली.

बुधाजी दोरी हातात धरून बघत राहिला. "मोतीबाय, अजून भिंत नाय, छप्पर नाय. आत्ताच काय बसलात?"

"आजच रागावलेय मी," मोतीबाई म्हणाली, आणि डोळे पुसून सरकून बसत तिने शेजारी विठाबाईला जागा केली.